माझा विषय चीन होता

एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध घेतले तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी. प्रबंधासाठी मी भारत-चीन मैत्री हा विषय निवडला. आमचे सर खूश झाले. म्हणाले, "थोडी चिनी भाषाही शीक. नाहीतर सगळं इंग्रजांच्याच तोंडून ऐकत बसशील."

बंगळुरात चिनी कोण शिकवणार? पण अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दात कॅन्टोन्मेंटातला एक चिनी डॉक्टर बघायचा. जन्म कलकत्त्याचा, पण कन्नड अगदी आमच्यासारखं बोलायचा. अण्णांनी विचारलं तर लाजून हसला. "मलाच स्वल्प येतं. तेवढं शिकवतो."

मग रविवारी सकाळी मी त्याच्या दवाखान्यात जाऊ लागले. मी दात काढायच्या खुर्चीत बसायची आणि तो शेजारी स्टुलावर बसून पाटीवर अक्षरं काढून दाखवायचा. वयानं अण्णांएवढा, तरी मला अक्का म्हणायचा. त्याची बायको मधेच चहा आणून ठेवायची.

बासष्ट साली सरहद्दीवर लढाई पेटली. वर्गात एकानं विचारलं, "सर, आता मैत्रीवर प्रश्न आला तर काय लिहायचं?" सरांनी खडू खाली ठेवला आणि ते तास अर्धा टाकून निघून गेले.

त्या रविवारी अण्णा म्हणाले, "एकटी जाऊ नकोस, मी येतो." दवाखान्याच्या नावावर कुणीतरी डांबर फासलं होतं. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं.

"अक्का, येऊ नका," डॉक्टर आतूनच म्हणाला. "आमच्याकडे कोण येतं-जातं, त्यांची नावं पोलीस लिहून घेतात."

"घेऊ देत," अण्णा म्हणाले. "माझी दाढ दुखतेय."

त्यानं दार उघडलं. अण्णांना खुर्चीत बसवून दिव्याखाली एकेक दात तपासला. दाढ दुखत नव्हती, हे त्यालाही कळलं असणार. आत त्याची बायको रडत होती, ते ऐकू येत होतं.

पुढं रोगी यायचे बंद झाले. जन्म इथला असूनही चिनी म्हणून पोलिसांच्या परवानगीशिवाय त्याला शहराबाहेर पडता येईना. सरांनी माझा विषय बदलून दिला. आफ्रिकेतल्या नव्या देशांवर मी कसाबसा प्रबंध पुरा केला. सरांनी शिकवणं चालू ठेवलं, पण पूर्वीसारखं मान वर करून ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

वर्षभरानं डॉक्टरनं सगळं विकून टाकलं. बायकोचा भाऊ कॅनडात होता, त्याच्याकडे ते निघाले. अण्णा आणि मी स्टेशनवर गेलो. निरोप द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"तिथं दात बघणार का?" मी विचारलं.

"इथलं शिक्षण तिथं चालत नाही, अक्का. हिचा भाऊ म्हणतो, हॉटेलात काम आहे."

अण्णांनी त्याचा हात हातात धरला. गाडी हलेपर्यंत सोडला नाही. गाडी गेल्यावर ते फलाटावरच्या बाकावर बसले. मी दोनदा हाक मारली, तरी उठेनात.