आत्यानं घेतलेलं तीर्थ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार सुंदराआत्याचे आहेत, आणि मी तिला साबणाचं पाणी पाजलं.

आई लवकर गेली. कागलजवळच्या खेड्यात म्हशी सांभाळत आत्यानंच मला वाढवलं, शिकवलं. घराण्यातला पहिला पदवीधर मीच (तोही रसायनशास्त्राचा). म्हणून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती देवघरातल्या तीन शिवराया, म्हणजे पूजेतली जुनी तांब्याची नाणी, साफ करून घ्यायला कोल्हापूरला माझ्याकडे आली.

"चिंचेनं घासू की," ती म्हणाली.

"चिंच नको, आत्या. आंबटानं वरचा थर जातो. घासायचंही नाही, नक्षी झिजते."

"बरं बाबा. तू शिकलायस."

मी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणलं, वाटीत ओतलं, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून नाणी बुडवली. आता वाटी ठेवायची कुठं? स्वयंपाकघरात कुणीतरी चुकून पिईल. म्हणून मी ती विचारपूर्वक देवासमोर ठेवली आणि अंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर आत्या डोक्यावर पदर घेऊन पळीनं तिसऱ्यांदा तीर्थ घेत होती. वाटीत तुळशीचं पान!

"आत्या, काय प्यालीस?"

"तीर्थ. लिंबाचा वास हाय, पर जरा बुळबुळीत लागलं बघ."

"नाणी धुवायचं पाणी आहे ते! साबण आहे त्यात!"

"मग देवापुढं कशाला ठेवलंस?"

मी तसाच ओल्या अंगानं तिला घेऊन बाहेर धावलो.

शेजारच्या इस्माईलभाईंनी रिक्षा काढली. मी नुसता "बॅटरीचं पाणी, बॅटरीचं पाणी" बडबडत होतो. त्यांना वाटलं अ‍ॅसिड. त्यांनी एकही सिग्नल पाळला नाही. तांब्याचा हिरवा गंज पोटात गेला तर काय होतं, हे मला पाठ होतं. शिक्षणाचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला. आत्याला घोर एकच, देवापुढचा दिवा तेवढा बघायचा राहिला.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, दोन तास बसवून घेतलं. आत्यानं एक ढेकर दिला. मी पळत जाऊन डॉक्टरांना बोलावलं.

"नाणी किती वेळ पाण्यात होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"मग काही नाही. न्या यांना जेवायला."

मला रडू फुटलं.

"रडतोस काय?" आत्या म्हणाली. "प्याले मी की."

आत्या नाणी घेऊन गावी गेली. आठवड्यानं मी पत्र टाकलं:

"ती. आत्यास सा. न. वि. वि. नाणी साध्या पाण्यातून काढून मऊ फडक्यानं टिपली आहेत. काळपट दिसली तरी पुन्हा धुऊ नकोस. सोबत दवाखान्याचा कागद आहे, तोही कुणाकडून तरी वाचून घे. नात्याच्या रकान्यात गडबडीत मी 'आई' लिहिलं, आणि मग खोडलं नाही. त्रासाच्या कारणात खरं तर माझं नाव यायला हवं होतं. डॉक्टरांनी दया करून 'तीर्थ' लिहिलंय."