नानांच्या लेंग्याची नाडी

कुंदा मॅडम गेल्याचं त्यांच्या यजमानांनी, नानांनी फोनवर सांगितलं, तेव्हा डोळ्यांत पाणी येण्याआधी मला आठवली ती नानांच्या लेंग्याची नाडी... लाज वाटली. पण मॅडमना हे ऐकून हसूच आलं असतं.

कॉलेजात त्यांनी आम्हाला आरएनए, म्हणजे पेशीतला धाग्यासारखा रेणू, शिकवला तो या नाडीवर. दोन्ही टोकं पांढरी, मधला भाग लाल शाईत बुडवलेला. काही आरएनएंमध्ये हा लाल तुकडा स्वतःच घडी घालतो, दोन ठिकाणी स्वतःला कापून बाहेर पडतो आणि पांढरी टोकं जुळतात. बाहेरून कात्री येत नाही, रेणूच कात्री आणि रेणूच कापड! मॅडम मात्र खरी कात्री चालवायच्या, त्यामुळे दरवर्षी नवऱ्याची एक नाडी बळी जायची. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या त्यांच्या घरी गेलं की नाना दारातच त्यांच्या हिंदीमिश्रित मराठीत विचारायचे, "काय भिया, इस साल भी माझीच नाडी?"

"घडी पडली की दोन्ही कट होईपर्यंत रेणू हलत नाही," असं मॅडम सांगत. आम्ही लिहून घेतलं. पुढे मी शिक्षिका झाले आणि तेच शिकवत राहिले.

गेल्या हिवाळ्यात अचानक त्यांचा फोन आला. निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण वाचन सुटलं नव्हतं. "अगं, मी गडबड करून ठेवली! तो चुपचाप नाही बसत. पहिल्या कटनंतर करवट बदलतो, एक हात बाजूला घेतो, तब कहीं दुसरा कट होतो. तू मुलांना काय शिकवतेस?"

"तुम्ही सांगितलं होतं तेच..."

"तेच ना? उद्या येते मी."

"मॅडम, मी सांगेन की."

"चूक माझी, तू कशाला सांगशील?"

आल्या. वर्गासमोर पहिला कट मारला, थांबल्या, नाडीचा एक वेढा हलकेच बाजूला वळवला, मग दुसरा. "बच्चों, हे मी चुकीचं शिकवलं होतं. तुमच्या मॅडम मन लावून शिकल्या, म्हणून त्यांचंही चुकलं." वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. इतका आनंद मला स्वतःच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

परवा नानांना भेटायला गेले. त्यांनी कपाटातून कोऱ्या नाड्यांची जुडी काढून माझ्या हातात दिली. "ले जा, तुला लागतील."

"आणि तुम्हाला?"

नाना हसले. "मी तर केव्हाच इलास्टिकवर आलो. तिला कळू दिलं नाही... कळलं असतं तर नाडी मागायला कशाला आली असती?"

उद्या वर्गात आरएनए आहे. एका नाडीचा मधला भाग लाल शाईत बुडवून ती वाळत घातली आहे. पहिल्या कटनंतर थांबायचंय.