स्टोव्हच्या भडक्याचं सोंग

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. जळगाव जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. हद्दीतल्या एका मोठ्या गावात नवी सून भाजून मेली. सासरच्यांनी स्टोव्हचा भडका सांगितला. मुलीच्या आईवडिलांनी 'आमची काही तक्रार नाही' असा जबाब दिला. धाकटी मुलगी लग्नाची होती, त्यांना गवगवा नको होता. मला हे सगळं कळत होतं. तरी मी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि कागद बंद केला. सासरचं घर वजनदार होतं, माझ्यामागे इतर तपास होते. सबब काय, हवी तेवढी सापडते.

सहा महिन्यांनी त्या गावची यात्रा भरली. आमच्याकडे यात्रेत एकीला एक बांधलेल्या बारागाड्या ओढतात, आणि त्या गावात बारागाड्या झाल्या की दिवसाउजेडीच सोंगं निघत. सोंगं काढणारा गावचा शिंपी. सगळे त्याला नाना म्हणत. माणूस बेरकी, जिभेला हाड नाही. त्या वर्षी त्याने सुनेचं सोंग घेतलं. सून दिसली की स्टोव्ह भडकतो, सासू जवळ आली की मुकाट विझतो. शेवटी डोळ्यांना फडकं बांधलेला फौजदार येतो आणि प्रेत पाहण्याआधीच पंचनामा लिहून टाकतो. लोक पोट धरून हसले. मी बंदोबस्तावर होतो. फौजदाराला झोंबलं असं चारचौघांत दिसू नये म्हणून मीही हसलो.

चार दिवसांनी, बाजाराच्या दिवशी भर दुपारी नाना जेवायला गेला असताना कोणीतरी दुकानाची कडी उचकटून त्याचं शिलाई मशीन फोडलं. पोलीस पाटलाने माझ्या कानावर घातलं की मेलेल्या मुलीचा नवरा आणि दीर तिकडे दिसले होते. मला तेच हवं होतं. दोघांना ठाण्यात आणून दिवसभर बसवलं, उलटसुलट विचारलं. नवरा शेवटपर्यंत गोंधळलेलाच. म्हणाला, आम्ही कशाला फोडू, आम्हाला सोंग आवडलं, आमच्या वडिलांनी तर नानाला नारळ दिला. चौकशी केली तेव्हा ते खरं निघालं. अख्खं घर पुढे बसून हसलं होतं.

मी दुकान पुन्हा पाहिलं. कापड, कात्री, गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे जागच्या जागी होते. एक खुंटी तेवढी रिकामी होती. नाना काहीच गेलं नाही म्हणत होता. तिथे काय टांगलं होतं, असं तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने खरं सांगितलं. सोंगाला लुगडी-पोलकी गावातूनच मागून आणायची रीत आहे. या खेपेस त्याने ती मोडली होती. मेलेल्या मुलीने शिवायला टाकलेलं पोलकं त्याच्याकडे पडून होतं. तेच त्याने आत चिंध्या कोंबून अंगात घातलं. सासरचे ओळखतील आणि माना खाली घालतील, असा त्याचा अंदाज.

"ज्यासले झोंबाले पाहिजे व्हतं, त्या हासनात साहेब," तो म्हणाला.

मी मुलीच्या माहेरी गेलो. वडिलांनी काही विचारायच्या आधीच मशीन फोडल्याचं कबूल केलं. आई पेटीवर बसून होती. पोलक्याचं कापड तिनेच मुलीला घेऊन दिलं होतं, त्यामुळे यात्रेत तिने ते लांबूनच ओळखलं.

"ते मन्ही पोरनं शे," ती म्हणाली. "परत देत नही मी."

मी वडिलांना म्हटलं, आता तरी खरा जबाब द्या, मी प्रकरण पुन्हा उघडतो. ते म्हणाले,

"पोर मरनी तवय गाव चूप व्हतं. आते बठ्ठं गाव हासनं. तुम्ही बी हासनात, साहेब."

माझी मान वर होईना. जबाब त्यांनी दिलाच नाही.

नानाने तक्रार मागे घेतली. पोलकं त्या माउलीकडेच राहिलं. नानाचं चुकलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या मुलीच्या बाजूने बोलणारा गावात तो एकटा होता. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे सासूला बोललेलं आईच्या काळजाला लागलं आणि सासू हसत राहिली. नोकरीत मी हेच पाहिलं, की निगरगट्ट माणसाला टोमणा टोचत नाही. तो जाऊन लागतो आधीच पोळलेल्याला. असल्या गोष्टीवर सोंग काढावं तर हे होतं, आणि न काढावं तर बोलणारं कोणीच उरत नाही. यातून वाट कोणती, ते मला माहीत नाही.

पुढच्या यात्रेला नाना घराबाहेर पडला नाही. मी बंदोबस्तावर होतो. मुलीचा सासरा स्वतः चहा घेऊन माझ्याजवळ आला.

"यंदा ते स्टोव्हनं सोंग नही का, साहेब? भारी व्हतं."

त्याच्यावर लावायचं कलम मला पाठ होतं. मी त्याच्या हातचा चहा घेतला.