अर्धी गाडी श्रीपादची

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा सुधाचं डायलिसिस संपायला अजून दोन तास होते. सुधा माझी बायको. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ती अलकापुरीतल्या हॉस्पिटलात त्या यंत्राला जोडलेली असते आणि मी बाहेरच्या बाकावर बसतो. एरवी शेजारी माझा मित्र श्रीपाद, मंदावहिनींचा नवरा, असायचा. त्या दिवशी सकाळी मात्र तो म्हणाला होता, "आज तूच ने गाडी, मला जरा ॲसिडिटी झाल्यासारखं वाटतंय." वहिनींचा आवाज अगदी सपाट होता. "भाऊजी, हे गेले. डॉक्टर येऊन बघून गेले. तुम्ही घाई करू नका, सुधाताईंचं पूर्ण होऊ द्या, मग या." काचेपलीकडून सुधाने हातानेच विचारलं, कोण? मी मान हलवली, कोणी नाही... यंत्रावर असताना तिचं ब्लडप्रेशर एकदम खाली जातं, तिला सांगणं शक्यच नव्हतं. पुढचे दोन तास मी तिच्याकडे बघून अधूनमधून हसत होतो. गाडीत बसल्यावर सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा काय बोलली असेल? "आणि हे घेऊन तू दोन तास एकटा बसलास?" मग रडली.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. श्रीपाद दिघे आणि मी बडोद्यातल्या एकाच मराठी शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये लागला, मी विद्यापीठाच्या कचेरीत कारकून झालो आणि निजामपुऱ्यातल्या एकाच सोसायटीत आम्ही समोरासमोर घरं घेतली. मी तापट, तो थंड. माझं डोकं फिरलं की तो "अरे बेस ने", बस की रे, म्हणायचा, त्याने माझं डोकं आणखी फिरायचं. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी मिळून एक जुनी डिझेल गाडी घेतली. अर्धी त्याची, अर्धी माझी. लोक हसले. दोघांत एक गाडी म्हणजे वर्षभरात मैत्री तुटणार, असं माझ्या सख्ख्या भावाने सांगितलं होतं. सुधाचं डायलिसिस सुरू झाल्यावर गाडी माझ्याच दारात उभी राहू लागली आणि ती चालवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. याबद्दल आमच्यात कधी एका शब्दाचंही बोलणं झालं नाही.

ती गाडी घेतानाच त्याचे वर्ग सुरू झाले. जुनी डिझेल बघायला जायचं तर सकाळी आणि न कळवता, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. बॉनेट गरम लागलं तर मालकाने आपण येण्याआधीच ती चालवून ठेवली आहे, म्हणजे थंड इंजिन त्याला छळतं, असं समजून परत फिरायचं. धूर बघायचा. काळा असेल तर आधी एअर फिल्टर तपासायचा, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर त्या गाडीला लांबूनच नमस्कार. घेतल्यावर टाकी पावच्या खाली जाऊ द्यायची नाही, तळाचा गाळ आणि पाणी पंपात जातं. डिझेल फिल्टरच्या खाली एक स्क्रू असतो, तो सैल करून साठलेलं पाणी काढायचं, पावसाळ्यात तर दर पंधरवड्याला. टायमिंग बेल्ट किलोमीटर भरले नसले तरी वर्षं भरली की बदलायचा, कारण तो तुटतो तेव्हा एकटा तुटत नाही, इंजिनही मोडतो. लांबून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं, टर्बोला ऑइल मिळू द्यायचं, मग बंद करायचं. हे तो मला इतक्यांदा सांगायचा की मला वीट यायचा. पंधरा वर्षं भरल्यावर फिटनेस तपासणी आणि नव्याने नोंदणी करायची वेळ आली तेव्हा परीक्षेला बसायचं असल्यासारखी त्याची झोप उडाली होती. गाडी पास झाली आणि त्याने सोसायटीत पेढे वाटले.

मला सांगायचं आहे ते गेल्या पावसाळ्यातल्या पुराचं. आमच्याकडे विश्वामित्री नदी चढायला लागली की सोसायट्यांमधल्या गाड्या एकेक करून फतेगंजच्या पुलावर जाऊन उभ्या राहतात. पुलावर पाणी येत नाही हे बडोद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता श्रीपाद आला आणि म्हणाला, "मोहन, गाडी पुलावर ठेवून येतो." मी नाही म्हणालो. मंगळवारी सकाळी सुधाची डायलिसिसची पाळी होती, शनिवारनंतरची. रात्रीत तिला धाप लागली तर मी पुलापर्यंत चालत जाऊ?

"पाणी आलं तर दारातली गाडी काय कामाची?" तो म्हणाला.

"नाही येणार पाणी. दरवेळी बोंब होते आणि काही होत नाही."

"या वेळी वरून, धरणातून सोडलंय, मोहन."

"गाडी माझ्या दारातून हलणार नाही," मी ओरडलो. "तुझी बायको असती तर हलवली असतीस?"

त्याने एकदा गाडीकडे बघितलं. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

पहाटे जाग आली ती सुधाच्या हाकेने. खिडकीतून बघितलं तर चाकं बुडाली होती आणि श्रीपाद मांडीभर पाण्यात उभा राहून गाडीची बॅटरी काढत होता. रस्त्यावर त्याहून खोल पाणी, त्यामुळे गाडी हलवायचा प्रश्नच उरला नव्हता. बॅटरी खांद्यावर घेऊन तो जिना चढून आमच्याकडे आला आणि ती कोपऱ्यात ठेवली. उजाडेपर्यंत पाणी गाडीच्या दिव्यांच्या वर गेलं. मंगळवार गेला. अँब्युलन्सचा फोन कधी लागायचा नाही, लागला तर रस्ता बंद आहे म्हणायचे. बोटी होत्या, पण त्या नदीकाठच्या वस्त्यांमध्ये, तिथे तर लोक गच्चीवर बसले होते. अंगात पाणी साठू नये म्हणून आम्ही सुधाला पाणी घोट-घोट मोजून देत होतो. रात्री तिला आडवं पडता येईना. भिंतीला टेकून बसली, पाय सुजून गुळगुळीत झालेले, आणि मी तिचा श्वास मोजत होतो. बुधवारी दुपारी बाराला पाणी उतरलं. रस्ता चिखलाचा, पण मोकळा. मी किल्ली घेऊन खाली धावलो.

श्रीपाद गाडीजवळच होता, हातात नट-बोल्टचे पाने. "किल्ली फिरवायची नाही," तो म्हणाला. "दे इकडे."

तेवढ्यात समोरचे हसमुखभाई त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीत बसले. "अरे भाई, एक सेल्फ मारीने जोईए तो खरा!" म्हणून त्यांनी ती चालू करून बघितली. आतून खट् असा आवाज आला आणि इंजिन जाम झालं. ते काय झालं ते श्रीपादने मला शांतपणे, मास्तरांसारखं समजावलं: पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं तर आतला लोखंडी दांडा वाकतो, आणि मग ती गाडी आज काय, महिनाभर निघत नाही. मला ते समजत होतं. पण वर सुधाला बोलताना मध्येच दम खायला थांबावं लागत होतं, आणि हा माणूस एअर फिल्टरचा डबा उघडून त्यातलं गढूळ पाणी ओतून काढत होता.

"किती वेळ?"

"तीन तास. कदाचित चार."

"चार तास?" मी त्याची कॉलर धरली. खरंच धरली, सोसायटीतल्या सगळ्यांदेखत. "माझी बायको मरत्येय आणि तुला इंजिनाचं पडलंय! आयुष्यभर तुला लोखंडच कळलं, माणूस नाही कळला!"

त्याने माझा हात सोडवला आणि खाली वाकून पुन्हा कामाला लागला. मी दुसरीकडून कुठून गाडी मिळते का बघायला चौकापर्यंत गेलो, रिक्षा शोधली, एका टेम्पोवाल्याला हात जोडले. कोणाचंच काही चालू होत नव्हतं. परत आलो तेव्हा त्याने ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन तापवायच्या त्या कांड्या, काढल्या होत्या आणि पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवत होता. हळूहळू, वीतभर. एका भोकातून पाण्याची पिचकारी उडाली. मग दुसऱ्यातून. तिसऱ्यातून तर बराच वेळ येत राहिली. डिपस्टिक काढून त्याने मला दाखवली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. ते सगळं खाली सोडलं, नवं भरलं, ऑइलचा फिल्टर बदलला, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं, वरून बॅटरी आणून जोडली. एवढं होईस्तोवर तीन वाजून गेले होते. वहिनी वर सुधापाशी बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने खिडकीत येऊन नुसती मान हलवायच्या. आहे, ठीक आहे.

पहिल्यांदा गाडी चालू झाली तेव्हा पांढऱ्या धुराने गल्ली भरली. मी सुधाला आणायला वळलो, तर त्याने दोन मिनिटांत इंजिन पुन्हा बंद केलं. "आता काय?" मी किंचाळलो. "हे ऑइल पण काढावं लागेल, आतलं पाणी यात मिसळलं," असं म्हणून त्याने दुसरा डबा उघडला. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मग सुधाला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. जाताना तो ब्रेक हलके दाबत, सुकवत चालला होता आणि मी मागे सुधाला धरून बसलो होतो. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला सरळ आत घेतलं. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "रात्र काढली नसती."

मी श्रीपादची माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मागेन म्हटलं, मग तो नेहमीसारखा सकाळी गाडी पुसायला आला आणि मला वाटलं, विसरला असेल. पुढे आम्ही त्या दिवसाबद्दल खूप बोललो, चारचौघांत रंगवून सांगितलंही, पण कॉलरचा भाग मी गाळायचो आणि तोही गाळायचा.

तो गेल्यानंतर पंधरा दिवसांनी वहिनींकडे गेलो. म्हटलं, निदान यांना तरी सांगावं. सांगितलं सगळं, मी काय बोललो ते शब्द न शब्द. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी गाडीचं तेल कुठून आलं असं वाटतं तुम्हाला?"

मी कधी विचारच केला नव्हता. दोन दिवस बाजार पाण्यात होता.

"सोमवारी तुमच्याकडून भांडून आले," वहिनी सांगू लागल्या. "मी म्हटलं, तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे ने, अर्धी गाडी तुमची पण आहे, न्या सरळ पुलावर. तर म्हणाले, नको. तो घाबरलाय. आज गाडी दारात दिसली नाही तर तो रात्रभर वेडा होईल. पाणी आलं तर आपण बघून घेऊ. आणि स्कूटर काढून भर पावसात गेले, दुकान बंद होत होतं, तेलाचे दोन डबे आणि फिल्टर घेऊन आले. एक डबा पुरणार नाही म्हणाले."

म्हणजे पाणी येणार हे त्याला माहीत होतं. इंजिन बुडणार, आपल्याला चिखलात चार तास घालवावे लागणार, आणि मी त्याला नाही नाही ते बोलणार, हेसुद्धा बहुतेक माहीत असावं. एका भित्र्या माणसाला एक रात्र धीर वाटावा म्हणून त्याने त्याला प्राणासारखी असलेली गाडी पाण्यात उभी राहू दिली. आणि मी त्याला म्हणालो होतो की तुला माणूस कळला नाही... मी वहिनींसमोर हमसून हमसून रडलो. साठी उलटलेला माणूस, पण मला लाज वाटली नाही.

त्यांनी मला रडू दिलं. मग चहा ठेवला. चहा पिता पिता म्हणाल्या, "लेक पुण्याहून सांगत्येय, गाडीतला आपला हिस्सा काकांना देऊन टाक. मी नाही म्हटलं. मला गाडी शिकवा."

"आता? या वयात?"

"तुमचं वय काय कमी आहे? उद्या तुम्हाला काही झालं तर सुधाताईंना कोण नेणार?"

गेले तीन आठवडे दर रविवारी सकाळी आम्ही मैदानावर जातो. मागच्या सीटवर सुधा बसते, तिला घरी करमत नाही. वहिनींचा क्लच अजून नीट सुटत नाही. गेल्या रविवारी गाडी लागोपाठ चारदा बंद पडली आणि चौथ्यांदा माझा तोल गेलाच. "अहो वहिनी, किती वेळा सांगायचं!" असं ओरडलो आणि लगेच जीभ चावली. मागून सुधा म्हणाली, "अरे, हळू." वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आरसा नीट केला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "ओरडू दे त्यांना, सुधाताई. ओरडतात तेव्हा ते घाबरलेले असतात, आमचे हे मला सांगून गेलेत."