प्रार्थनेत सुचलेला उपदेश

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही विषयाला बगल द्यायचा मोह होतोच आहे.

तेव्हा मी विश्रांतवाडीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत उमेदवारी करणारा तरुण उपदेशक होतो. येशू ज्या लोकांत वाढला ते शास्त्रावर वाद कसे घालत, हे कळावं म्हणून तालमूद — यहुदी पंडितांच्या चर्चांचा तो अवाढव्य ग्रंथ — शिकायची मला ओढ लागली. रास्ता पेठेतले एक निवृत्त बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, प्राध्यापक शिकवायला तयार झाले. दर गुरुवारी सायकल काढून मी त्यांच्याकडे जायचो. त्यांची अट एकच — कोणाचंही मत सांगताना आधी त्याचं नाव घ्यायचं. मी विसरलो की चष्म्यावरून बघत विचारायचे, "अहो, हे कोण म्हणालं? की आपणच?"

एकदा त्यांनी दाखवलं — वादात हरलेल्याचं मतही या ग्रंथात नावानिशी जपलेलं असतं. मी भारावून गेलो. आमच्या मंडळीत तेव्हा दोन तट पडले होते, म्हणून रविवारी मी त्यावरच उपदेश केला : देवाच्या घरात हरलेल्यालाही जागा असते. माणसं रडली. सर माझ्याच आमंत्रणावरून आले होते, शेवटच्या बाकावर बसले होते.

बाहेर आल्यावर मंडळीच्या पंचांनी विचारलं, हे सुचलं कुठून? सर माझ्या शेजारीच उभे. मला पाळक नेमायचं की नाही, ते पंचांच्या हातात होतं — यहुद्याकडे शिकतो म्हटलं असतं तर? मी म्हणालो, प्रार्थनेत सुचलं. किती सहज म्हणालो! त्याचीच जास्त लाज वाटते. सर माझ्याशी हात मिळवून निघून गेले.

पुढच्या गुरुवारी गेलो, तर त्यांच्याकडे एक पाहुणे बसले होते. सरांनी ग्रंथ उघडला, एक शंका मांडली आणि पाहुण्यांना म्हणाले, "ही शंका यांची बरं का. मला नव्हती सुचली." शंका खरंच माझी होती. मी ती विसरूनही गेलो होतो.

त्यानंतर मी गेलोच नाही. कोणत्या तोंडाने जाणार? सर पुढे मुलीकडे इस्राएलला गेले, तिथेच वारले. मी पाळक झालो. तो उपदेश लोकांनी पुन्हा पुन्हा करायला लावला, मी केला — आणि दर वेळी त्यांचं नाव गिळलं.

हरलेल्याचं मतही नावानिशी जपायचं असतं — हे मोझेससर म्हणाले. मी नाही.