सीटखालची वायर

दादाच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. उरलेली दोन कशी गेली ते गावात कुणालाही विचारा, सांगतील, आणि सांगतील ते चूक असेल. बरोबर काय ते गावात मला एकट्याला माहीत आहे. असलं लिहायला म्हणे धीर लागतो. मला नाही लागला. दादा पुस्तकं वाचत नाही.

दोन हजार चार-पाचचा सुमार. मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या अंगाला, मुंबईच्या एका शेठनं रिसॉर्ट काढलं होतं. मी शहापूरला आयटीआय केलेला वायरमन. पंप, जनरेटर, दिवे, गिझर, सगळं माझ्याकडे. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. भाताची शेती होती, पण चार महिन्यांच्या शेतीवर बारा महिने निघत नाहीत, म्हणून मीच मॅनेजरकडे शब्द टाकला आणि त्याला बागेवर लावलं. पुढे शेठनं कुठून तरी बसून चालवायची, गवत कापायची जुनी गाडी आणली. लाल, छोट्या ट्रॅक्टरसारखी, पोटाखाली दोन पाती. चार माळ्यांतून ती चालवायला दादालाच निवडलं, कारण नांगर धरणाऱ्या माणसाची रेघ सरळ येते असं मॅनेजरचं म्हणणं. ते खरंही ठरलं.

त्या गाडीच्या सीटखाली एक खटका होता. माणूस बसला की वजनानं तो दाबला जायचा आणि इंजिन चालू राहायचं. माणूस उठला की खटका वर, इंजिन बंद, पाती बंद. पाती फिरत असताना कुणाचा हात-पाय आत जाऊ नये, एवढ्यासाठी बनवणाऱ्यानं तो ठेवलेला. पहिल्याच दिवशी मी सीट उचलून तो पाहिला, समजून घेतला, आणि दादाला काही सांगितलं नाही. त्याला काय कळणार, असं वाटलं मला. प्रमाणपत्र माझ्याकडे होतं ना.

तरी चार दिवसांत त्यानं आपल्या परीनं शोध लावलाच. ओलं गवत बाहेर फेकायच्या तोंडात अडकलं की तो उतरायचा. गाडी बंद. हातानं बोळा ओढून काढायचा, परत चढून चावी मारायचा.

"मी उतरलो का मरते बग ती," तो म्हणायचा. "आपला बैल तरी उभा रायतो."

वहिनी डबा घेऊन आली की हसायची. "भावोजी, यांच्यावाचून जीव सोडते ती. मी पन एवढं करीत नाय."

माझं पंपघर तिथून लांब, पण आवाजावरून मला दादाचा सगळा दिवस कळायचा. घरघर चालू म्हणजे बसलाय, शांत झालं म्हणजे उतरलाय. त्या शांततेत त्याचा हात पात्यांपाशी असायचा, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला ती फक्त कटकट वाटायची. दिवसातून पंधरा वेळा चावी मारून बॅटरी बसायची आणि चार्ज करायला माझ्याच उंबऱ्यावर यायची.

त्या वर्षी खंडेनवमीला शेठ सहकुटुंब आले. कोयते, खुरपी, पाने, पकडी धुऊन मांडल्या. जनरेटरला हार, पंपाला हार. शेठाणीबाईंची इच्छा, की आरती होईपर्यंत सगळी यंत्रं चालू हवीत. त्यांच्या माहेरच्या कारखान्यात तशी रीत होती. जनरेटर चालू झाला, पंप चालू झाला. गवताची गाडी काही चालू राहीना. दादा उतरला की बंद. मॅनेजर म्हणाला, तू बसून राहा ना वर. दादानं कानाला हात लावला.

"पूजेच्या टायमाला तिच्यावर बसू? हळदकुंकू लावलेल्या वस्तूवर कोन बसतो, सायेब?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी आपल्याकडे असं पाहावं म्हणून तर मी शिकलो होतो. दादा हातपाय धुवायला नळावर गेला तेवढ्यात मी सीट उचलली, खटक्याचा प्लग सोडवला, वीतभर वायरची दोन्ही टोकं सोलून त्यात खुपसली. गाडी सुरू केली, उतरलो. ती चालूच राहिली. शेठच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा नव्हता, तो माझ्या भावाखाली द्यायचा होता. पण तेव्हा मी फुगलो होतो.

आरती चालू असताना त्या गाडीकडे बघवत नव्हतं, एवढं आठवतं. सीटवर झेंडूचा हार, वर कुणी नाही, आणि ती आपली आपण थरथरत होती. दादा सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला होता.

आरती झाल्यावर मी वायर काढायला गेलो, तर गाडीशी काय काम ते न विचारताच दादानं मला अडवलं. पूजेला मांडलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. दसऱ्यानंतर जनरेटर बिघडला आणि मी त्यात दोन दिवस अडकलो. तोवर गाडीची नवी चाल सगळ्यांना गोड लागली होती. उतरा, बोळा काढा, चढा, चालू. दिवसाचं काम दुपारच्या जेवणाआधी उरकायला लागलं. मॅनेजर खूश. बॅटरी माझ्याकडे यायची थांबली, म्हणून मीही खूश.

एकदा रात्री घरी जेवताना दादानं विचारलं, "ती आता बंद का पडत नाय रे?"

प्रश्न सरळ होता. सरळ उत्तराला एक मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, "नवमीला मान दिलास ना तिला. आता ती तुझी झाली."

उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळे हसले, दादाही हसला. पण हसता हसता त्यानं त्यातलं थोडं खरं धरलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. दिसूनही मी भात कालवत राहिलो.

त्यानंतर आवाज थांबेनासा झाला. सकाळी एकदा घरघर सुरू झाली की सलग चालायची, आणि पंपघरात बसून मला कळायचं नाही की तो वर बसलाय की खाली उतरलाय. एकदा राहवेना म्हणून बाहेर येऊन पाहिलं. दादा गाडीशेजारी उकिडवा बसला होता, हात त्या तोंडापाशी, आणि आत पाती फिरत होती. मी ओरडलो, "दादा, काठी घे!" त्यानं मान डोलावली, काठी घेतली. गाडी बंद कर, असं मी ओरडलो नाही.  वायर उद्या काढू, असं मनाशी म्हणत परत गेलो. दिवाळीचे पाहुणे यायचे होते, खोल्यांचे गिझर बघायचे होते. उद्या, उद्या करत नवमीपासून अठरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी सकाळी दव फार पडलं होतं. इंजिनाचा आवाज एकदम जड झाला, अडखळला, आणि पुन्हा पूर्वीसारखा सुरू झाला. मग माळ्यांची आरडाओरड. मी धावत पोचलो तेव्हा दादा गवतावर बसला होता, हाताभोवती टॉवेल आवळून, आणि शेजारी ती गाडी चालूच होती. चावी फिरवून ती मी बंद केली.

त्याला जीपमध्ये घातलं. मी चढलो नाही. मॅनेजरला म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी गाडी आत लावून मागून मोटारसायकलवर येतो. जीप वळणाआड गेली, मी सीट उचलली, वायर उपटून खिशात घातली, प्लग जागच्या जागी बसवला. मिनिटसुद्धा लागलं नाही. एवढ्याच कामाला अठरा दिवस मला सवड झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेठनं मुंबईहून एक माणूस तपासायला पाठवला. तो सीटवर बसला, पाती चालू केली, उठला. गाडी बंद. परत केलं, परत बंद. तिसऱ्यांदाही बंद. "मशीन ओके आहे," तो म्हणाला, "ह्यानं बसल्या जागेवरून वाकून हात घातला असणार." माळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. नोकरी त्यालाही होती.

मागून येतो म्हटलं होतं तरी त्या दिवशी मी गेलो नव्हतो; ही बातमी माझ्याआधी कल्याणच्या दवाखान्यात पोचली. मी गेलो तेव्हा दादा पट्टी बांधलेला हात छातीवर ठेवून पडला होता. सरकून मला बसायला जागा केली. मग म्हणाला,

"त्या सायबाला बंद पडून दावली म्हनं तिनं. तीनदा."

"हो."

"मला नाय पडली. असं का रे? तू शिकलेला हायस."

वायर अजून माझ्या पँटच्या खिशात होती. मी म्हणालो, "होतं कधी कधी तसं, दादा."

त्यानं माझं उत्तर नीट ऐकून घेतलं, लहानपणापासून माझं सगळं ऐकून घ्यायचा तसं. "म्हंजे माझ्याच हाताला यश नाय," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मी बाहेर जाऊन त्याच्यासाठी नारळपाणी आणलं. ती पँट पुढे बायकोनं धुवायला घेतली, वायर हाताला लागली तेव्हा मला विचारून फेकून दिली.

आमच्याकडे पेरणीला राबात, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या रोपांच्या वाफ्यात, भाताच्या बियाण्याची पहिली मूठ टाकायची असते, आणि ज्याच्या हाताला यश त्यानंच ती टाकायची. वडलांमागे आमच्या घरात ती दादाची. शेजारची चार घरंही त्याला बोलावून न्यायची, कारण त्याच्या मुठीचं भात दाट उगवतं असं म्हणायचे. पुढच्या पेरणीला वहिनीनं बियाण्याची टोपली त्याच्यापुढे धरली. त्यानं हात पाठीमागे नेला.

"आवो, डाव्यानं टाका," वहिनी म्हणाली.

"बोटांचं नाय गो. माझ्या हातचं उगवलं नाय तर पोरं काय खातील?" त्यानं कोपरानं टोपली माझ्याकडे सारली. "तू टाक. तुझ्या हाताला यश हाय."

वहिनी माझ्याकडे बघत होती. तीन माणसं होतो आम्ही बांधावर, घरचीच. मी टोपलीत हात घातला, मूठ भरली आणि टाकली.

भात चांगलं उगवलं. तेव्हापासून पहिली मूठ मीच टाकतो. दादा बांधावर उभा राहून बघतो, आणि शेजारची चार घरंही आता मलाच बोलवायला येतात. मी जातो.