ताईची खोल बाजूची उडी

मासोळी हे तिचं टोपणनाव, पण खऱ्या नावाने हाक मारली तर ती स्वतःही वळून बघत नसे. देशात तिच्याइतकं वेगात पोहणारी दुसरी बाई नव्हती. शेवटचं सुवर्णपदक तिने परगावी जिंकलं, त्याच दुपारी तिच्या गल्लीतली एक तरुण आई कालव्याच्या पायऱ्यांवरून घसरली. काठावर चार बायका होत्या. त्यांनी ओरडून ओरडून घसा बसवला, पण उडी मारणार कोण? पोहता कुणालाच येत नव्हतं. ती बुडाली.

मासोळीने शर्यती सोडल्या आणि पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापकाच्या खनपटीला बसून बायकांसाठी सकाळचा एक तास मिळवला. तो म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत बघू. बायका नाही उतरल्या तर हा तास क्लबच्या पोरांना जाईल."

बायका आल्या, बाकावर बसल्या, गप्पा मारून घरी गेल्या. शेवटी गल्लीतल्या शिंपीणबाईंनी तोंड उघडलं. "तुझी सख्खी ताई उतरते का पाण्यात? आधी तिला उतरव, मग आम्हाला शिकव."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ताईने मासोळीला लहानपणापासून सरावाला नेलं होतं, पण स्वतः कायम पाण्याकडे पाठ करून बसायची. तिला तयार करता करता मासोळीच्या नाकी नऊ आले.

"बुडाले तर तुझ्या डोक्यावर," ताई म्हणाली आणि उतरली.

मासोळीने चूक केली ती विजेत्यांनीच करावी अशी. "पाय मार! हात लांब टाक! वेग घे!" ताईच्या नाकातोंडात पाणी गेलं, ती कशीबशी बाहेर आली आणि ओल्या अंगानेच तरातरा घरी निघून गेली. मासोळी चिडली. इतकं सोपं आहे, त्यात घाबरायचं काय? मग तिच्या लक्षात आलं, आपल्याला पोहता येत नव्हतं असा एकही दिवस आपल्याला आठवत नाही.

संध्याकाळी तिने भाजी निवडणाऱ्या ताईला विचारलं, "तुला नक्की भीती कशाची वाटते?"

"नाकात पाणी गेलं की वर कुठे, खाली कुठे, तेच कळत नाही गं."

हे मासोळीला कुठल्याच प्रशिक्षकाने सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून वेगाचं नाव नाही. आधी घरी बादलीत तोंड बुडवणं, मग तलावात नुसतं उताणं पडणं. ताईच्या पाठीखाली हात धरून मासोळी कमरेएवढ्या पाण्यात उभी राही. जन्मभर पळापळ केलेल्या बाईला एका जागी उभं राहण्याचा कंटाळा येई, चिडचिड होई, पण तिने हात हलवला नाही.

हंगाम संपला. व्यवस्थापक तास परत मागायला आला. बायका नेहमीप्रमाणे बाकावर होत्या.

"मी खोल बाजूला उडी मारते," ताई म्हणाली. "याच कपड्यांत. कालव्यात कुणी पोहण्याचे कपडे घालून पडत नाही. आणि कुणी माझ्यामागे येऊ नका."

तिने उडी मारली. पाणी मिटलं. मासोळी झेपावली तोच शिंपीणबाईंनी तिचं मनगट पकडलं. "थांब. तिने सांगितलंय ना?"

ताई खोकत वर आली, उताणी झाली, तशीच पडून राहिली. श्वास परत आल्यावर हळूहळू पाय मारत काठाला लागली.

"उडी मारणार होतीस ना?" तिने धापा टाकत विचारलं.

"हो."

"मग मी शिकले कशाला? कालव्यात ती बुडाली त्या दिवशी तू इथे नव्हतीस. पुढच्या वेळीही नसशील."

मग शिंपीणबाईंनी चपला काढल्या. "माझं नाव लिही. पण मला ताई शिकवेल. तुला बाई, भीती म्हणजे काय तेच ठाऊक नाही."

मासोळीला ते लागलं, खोटं कशाला बोला.

"ताईच शिकवेल," ती म्हणाली, आणि हा तास रिकामा नाही हे सांगायला व्यवस्थापकाकडे गेली.